कोपरावरचा रफू

रफूवाली कापडाची सुलटी बाजू आधी बघत नाही. गिऱ्हाईक भोकावर बोट ठेवून हळहळत असतं, नवा होता हो, दोनदाच घातला होता हो, आणि तोवर तिच्या हातांनी कापड उलटं करून उजेडाकडे धरलेलं असतं. भोक कसं पडलं ते उलटी बाजू सांगते. ठिणगी पडली असेल तर कडा कडक लागतात, कसर लागली असेल तर मऊ, आणि माणसाने नुसतंच झिजवलं असेल तर भोकाभोवती कापड पातळ होत जातं, दुखणाईताच्या कातडीसारखं. मग आतल्या दुमडीतून, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथून, त्याच कापडाचे धागे काढून घ्यायचे. आधी उभे भरायचे, मग आडवे, एक वर, एक खाली. सुटं टोक दिसलं की नखाने आत सारायचं, नाहीतर ओढून काढायचं. सुटं टोक तसंच ठेवून कापड खाली ठेवणं तिला चाळीस वर्षांत जमलेलं नव्हतं.

तिचा गाळा कोर्टासमोरच्या गल्लीत, जिन्याखाली होता. एका अंगाला चाव्या करणारा, दुसऱ्या अंगाला झेरॉक्सवाला. वकिलांचे काळे कोट हे तिचं निम्मं काम. काळ्यावर काळं भरून भरून नजर उतरली होती, पण बोटं शाबूत होती. सगळी गल्ली तिला रफूमावशी म्हणे. कोर्टात मात्र ती फिर्यादी होती, आणि चौतीस वर्षं होती.

त्या सोमवारी दुपारी सरकारी वकील कोट घेऊन आला. चाळिशीचा, डोक्यावरचे केस लवकर गेलेला, आवाज नेहमी थोडी माफी मागितल्यासारखा. बाहीच्या टोकाशी त्रिकोणी फाटलं होतं.

"कुठे अडकवलात?"

"कोर्टातल्या टेबलाला खिळा आहे, मावशी. पाच वर्षं त्यालाच अडकतोय."

"मग उपटून टाका की तो."

"टेबल सरकारी आहे. अर्ज केलाय."

ती हसली. कोट उलटा केला, अस्तर बाजूला सारलं. वकील जाईना. उभा राहून तो रिळांचा डबा बघत राहिला. मग स्टूल ओढून बसला, तेव्हा ती समजली की कोट हे निमित्त आहे.

"सातव्या खोक्यातला शर्ट ओळखायला तुम्हाला बोलावणार आहेत," तो म्हणाला. "गुरुवारी. पलीकडच्या वकिलांनी अर्ज दिला, न्यायाधीशबाईंनी मंजूर केला."

तिने सुई पिनकुशनमध्ये टोचली.

चौतीस वर्षांपूर्वी तिचा नवरा छापखान्यात खिळे जुळवायचा. शिशाचं एकेक अक्षर उचलून ओळ लावायची, ओळीखाली ओळ, आणि पान बांधून मशीनवर चढवायचं. एकदा त्याने एक पत्रक जुळवलं. लिहिणारा दुसराच होता, तो देश सोडून गेला. जुळवणारा छापखान्यातच सापडला, सकाळी साडेनऊला, हाताला शाई लागलेली असताना. त्या आठवड्यात चौकीच्या साहेबाने अकरा माणसं नेली. एकही परत आला नाही. तिने फिर्याद दिली, तेव्हा ती चोवीस वर्षांची होती. बाकी कुणी धजलं नाही, आणि पुढे राजवट बदलून माणसं धजायला लागली तोवर काही घरांत कुणी उरलंच नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या वीटभट्टीमागे गटारासाठी खणताना खड्डा लागला. सात माणसं. वर चुना ओतलेला. सहा जणांची ओळख पटली. कुणी दातावरून, कुणी मोडलेल्या हाडातल्या लोखंडी सळीवरून, कुणी पट्ट्याच्या बक्कलवरून. सातव्याच्या हाडांनी तपासणीला दाद दिली नाही, चुन्याने सगळं खाऊन टाकलं होतं. त्याचा फक्त टेरिकॉटचा शर्ट उरला होता. त्याचं वर्णन कागदावर आलं, पण तो खोक्यात सीलबंद राहिला, कुणा घरच्यांना दाखवला गेला नव्हता. टेरिकॉट मातीत कुजत नाही.

"पलीकडच्या वकिलांनी?" तिने विचारलं. "साहेबाच्या? त्यांना कशाला हवंय मी ओळखायला?"

वकिलाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मावशी, सभागृहाने माफीचा कायदा केला तो तुम्हाला माहीत आहे."

"गल्लीतल्या कुत्र्यालाही माहीत आहे."

"त्या काळात सरकारी माणसाने जे केलं आणि त्या काळातच जे संपलं, ते माफ. खूनसुद्धा. खून त्या दिवशी होतो आणि त्या दिवशी संपतो. सहा जणांची ओळख पटली, म्हणजे ते सहा तेव्हाच मेले हे सिद्ध झालं. ती सहा प्रकरणं मिटली. साहेब त्यांतून सुटला."

"आणि माझं?"

"तुमचा माणूस सापडलेला नाही. वरच्या कोर्टाने म्हटलंय, जो सापडला नाही त्याचं अपहरण संपलेलंच नाही. तो घरी येत नाही तोवर तो गुन्हा रोज होतो. रोज सकाळी नव्याने. आणि जे संपलं नाही त्याला माफी लागू पडत नाही. बाकीच्या चौघांसाठी फिर्याद द्यायला कुणी उरलेलं नाही. साहेब आज आरोपीच्या पिंजऱ्यात आहे तो फक्त तुमच्या फिर्यादीवर."

चाव्यावाल्याच्या कानशीचा आवाज भिंतीतून येत होता. ती कोटाच्या भोकातून आपल्याच बोटाकडे बघत राहिली.

"म्हणजे कायद्याच्या हिशेबी तो अजून रोज नेला जातो?"

"हो."

"मला माहीतच होतं ते," ती म्हणाली. "तुम्हाला उशिरा कळलं."

वकील उठला. "मी तुम्हाला काय बोलायचं ते सांगू शकत नाही, मावशी. सांगायला आलोही नाही. शपथ तुमची आहे. मी फक्त कायदा सांगितला."

"ओळखलं तर साहेब सुटतो. नाही ओळखलं तर राहतो."

"मी असं म्हणालो नाही."

"नाही म्हणालात. कोट शुक्रवारी न्या."

*

घर म्हणजे दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर. सासू खिडकीपाशी खाटेवर. सत्त्याऐंशी वर्षांची, डोळ्यांना आता फक्त उजेड आणि अंधार कळायचा. पण हात रिकामे ठेवायची तिला सवय नव्हती. सून गाळ्यावरून सुटी बटणं आणायची, आणि सासू ती चाचपून चाचपून निवडायची. दोन भोकांची एका डब्यात, चार भोकांची दुसऱ्या.

"आज पाऊल जड पडतंय तुझं," सासू म्हणाली. "जिन्यातच कळलं मला."

"गुडघे दुखतात, आई."

"गुडघे माझे दुखतात. तुझं दुसरंच काहीतरी आहे."

सुनेने चहा टाकला. आधणाकडे बघत म्हणाली, "गुरुवारी कोर्टात शर्ट दाखवणार आहेत. सातव्या माणसाचा."

बटणांचा आवाज थांबला.

"कसला शर्ट?"

"टेरिकॉट. निळसर. बारीक काळ्या रेघांचा."

सासूने डबा बाजूला ठेवला. "तसला होता त्याला."

"तसले खूप जणांना होते, आई. त्या वर्षी दुकानात दुसरं कापडच नव्हतं."

"तू रफू केला होतास कोपराला."

"हो."

"मग ओळखशील."

"रफू टिकला असेल तर."

"तुझा रफू टिकणार नाही? काहीतरीच बोलतेस." मग म्हातारीचा आवाज बदलला. "असला तर देतील का गं आपल्याला? हाडंही देतील?"

"देतील म्हणतात."

"मग ओळख. डोळे फाडून ओळख. मला मूठभर काहीतरी दे बाई, मातीत घालायला. नुसत्या वाट बघण्यावर किती जगायचं माणसाने? मरायला सुद्धा जमत नाहीये मला. वाटतं, मी गेले आणि मागून तो आला तर दार कोण उघडेल."

सुनेने कायद्याचं काही सांगितलं नाही. चहात साखर जास्त पडली. सासू तो मुकाट्याने प्यायली, आणि हे तिच्या स्वभावात नव्हतं.

त्या शर्टाची एक गोष्ट सासूलाही ठाऊक नव्हती. नवरा डाव्या हातात अक्षरांची पट्टी धरायचा, आणि दिवसभर त्याचा डावा कोपर लाकडी खणांच्या कडेला घासायचा. शर्ट नवा होता तोच कोपराला झिजला. ती रफूला बसली. निळे धागे दुमडीतून मिळाले, पण काळ्या रेघेचा धागा शेवटी दोन बोटं कमी पडला. उजेड चालला होता, सकाळी त्याला तोच शर्ट घालायचा होता. तिने आपल्या वेणीतला एक केस उपटला आणि सुईत ओवला. तोच केस काळ्या रेघेत भरला. आणि भरता भरता, नवी नवरी होती म्हणून, एक ओळ जुळवून गुणगुणली.

*सुईच्या नेढ्यामधी ओवला माझा केस,*
*सख्याच्या कोपरात राहीन रातंदिस.*

"काय म्हणतेस गं?" त्याने विचारलं होतं.

"काही नाही. टाके मोजते."

केसाचं त्याला सांगायचं राहून गेलं. पुढच्या रविवारी सांगू, असं मनाशी ठरवलं होतं. रविवार आला तेव्हा तो नव्हता.

*

गुरुवारी कोर्टाच्या पायऱ्यांवर कंडक्टरीण तिची वाट बघत उभी होती. ही सहाव्याची बहीण. जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडली, आता निवृत्त, तरी कुणी मध्ये उभं राहिलं की "पुढे सरका" म्हणायची सवय गेली नव्हती. तिनेच सळीवरून भावाला ओळखलं होतं. तेव्हा माफीचा कायदा झाला नव्हता.

"जेवून आलीस?"

"चहा घेतला."

"चहाने काय होतंय." कंडक्टरणीने तिचा हात घट्ट धरला. "मी सही केली ना गं त्या कागदावर. हा माझा भाऊ, अशी. आनंदाने केली. मिळाला म्हणून रडले. आणि चार महिन्यांनी कळलं की माझ्याच सहीने त्याला नेल्याचा गुन्हा पुसला गेला. मी भावाला माती दिली आणि साहेबाला घरची वाट दिली."

"तुला काय माहीत होतं तेव्हा."

"तुला माहीत आहे," कंडक्टरीण म्हणाली. मग लगेच जीभ चावली. "मी काही बोलत नाही. तुझा माणूस आहे. माझ्या भावाजवळ जाऊन बसता तरी येतं मला. दगडावर नाव आहे. तेवढं सुख कमी नाही, खरंच सांगते."

कोर्टाच्या खोलीत पंखा होता, पण फिरत नव्हता. भिंतीला ओल आलेली. सरकारी वकिलाच्या टेबलाचा खिळा तिने पहिल्यांदाच पाहिला, चांगला अर्धं बोट बाहेर आलेला. पिंजऱ्यात खुर्चीवर साहेब बसला होता. ब्याऐंशी वर्षांचा, कानात यंत्र, गुडघ्यावर घडी केलेला रुमाल. एका तरुण पोरीने, बहुधा नातीने, त्याला पाण्याची बाटली नेऊन दिली. त्याच्या स्वेटरच्या कोपराला कुणीतरी रफू केला होता. लोकर वेगळी, ताण वेगळा, गाठ वर आलेली. लांबून दिसत होता. हा रफू आपल्याकडे आला असता तर उसवून पुन्हा केला असता, असं तिच्या मनात आलं, आणि ती स्वतःशीच दचकली.

न्यायाधीशबाई आल्या. मागच्या वर्षी याच खोलीत कंडक्टरीण त्यांच्यावर ओरडली होती, तुम्हीच काहीतरी करा, तुम्ही मोठ्या आहात. तेव्हा बाई म्हणाल्या होत्या, "कायदा सभागृह करतं. मी तो वाचते. वाचताना मला एक ओळ वाढवता येत नाही, आणि खोडताही येत नाही." बोलताना त्यांनी पेन इतकं घट्ट धरलं होतं की नखं पांढरी पडली होती. रफूवालीने ती नखं पाहिली होती, आणि तेव्हापासून तिचा बाईंवर राग नव्हता.

शपथ झाली. खरं सांगेन, खऱ्याशिवाय काही सांगणार नाही. कारकुनाने खोक्याचं सील फोडलं, टेबलावर पांढरा कागद अंथरला आणि वर शर्ट ठेवला. शर्ट कसला, निम्मा शर्ट. एक बाही, पाठ, थोडी कॉलर. निळा रंग मातीचा झाला होता. मातीच्या रंगातून काळ्या रेघा अजून दिसत होत्या.

कारकुनाने रबरी हातमोजे पुढे केले.

"हे घालून मला काही कळायचं नाही," ती म्हणाली. "माझे डोळे बोटांत आहेत."

बाईंनी साहेबाच्या वकिलाकडे पाहिलं. गोरा, सडपातळ, गोड बोलणारा माणूस. "आमची हरकत नाही," तो म्हणाला. "तपासण्या सगळ्या झालेल्या आहेत. फिर्यादी बाईंना त्यांचा माणूस मिळावा एवढीच आमची इच्छा आहे."

तिने बाही हातात घेतली, आणि काही ठरवायच्या आत हातांनी ती उलटी केली.

कोपर सापडला. बोट फिरवलं, एक वर, एक खाली. आपलाच हात आपल्याला भेटावा तसं झालं. चोवीस वर्षांच्या बाईचा हात, घाईतला, लग्नाला वर्ष न झालेला. ताण एकसारखा, कडा कुठे संपते ते कळू नये असा. मातीने काही केलं नव्हतं, चुन्याने काही केलं नव्हतं. आणि काळ्या रेघेत, शेवटच्या दोन बोटांत, धाग्याहून गुळगुळीत असं काहीतरी होतं. त्याचं एक टोक सुटून वर आलं होतं.

तिने ते उजेडाकडे धरलं. केस काळाच होता, कुळकुळीत. तिच्या डोक्यावरचे सगळे पांढरे होऊन गेले, आणि हा एकटा तिथे, अंधारात, तेव्हाचाच राहिला होता.

 आता हाक मारावी, असं झालं तिला. हा आहे, हाच आहे, द्या माझा मला. सासूची मूठ डोळ्यांपुढे आली, रिकामी, उघडी. मग कंडक्टरणीची मान खाली गेलेली दिसली. आणि पिंजऱ्यात साहेब नातीला खुणेने विचारत होता, काय चाललंय, किती वेळ आहे अजून.

अंगठ्याचं नख सुट्या टोकाखाली गेलं. सुटं टोक ठेवून कापड खाली ठेवायची सवयच नव्हती हाताला. केस सरकला, आणि रेघेतून अलगद निघून आला, एवढ्या वर्षांत अडकलाच नव्हता जणू. तो तिच्या तर्जनीभोवती गुंडाळला गेला. हे हाताने केलं की तिने केलं, हे तिला पुढे कधीच कुणाला नीट सांगता आलं नाही. पण पुढचा शब्द तिचा होता, तो तिने पूर्ण शुद्धीत उच्चारला.

"नाही," ती म्हणाली. "ओळखत नाही मी हा शर्ट."

खोलीत कुणीतरी श्वास सोडला. साहेबाचा वकील उठला.

"बाई, घाई करू नका. तुम्ही बाही हातात घेतल्याबरोबर उलटी केलीत. का?"

"रफूवाली आहे मी. कुणाचंही कापड हातात आलं की उलटं करते. तुमचा कोट द्या, तोही करीन."

मागे दोघंतिघं हसले. वकीलही हसला, तोंडाने. "आणि थेट कोपरापाशी गेलात."

"बाहीला दुसरं झिजण्यासारखं काय असतं?"

"तुमच्या नवऱ्याच्या शर्टाच्या डाव्या कोपराला तुम्ही रफू केला होता. फिर्यादीत तुम्हीच तसं लिहून दिलंय, चौतीस वर्षांपूर्वी. मग या कोपराला रफू दिसला का तुम्हाला?"

"दिसला तर तो रफू कसला, वकीलसाहेब?"

आता जास्त जण हसले. न्यायाधीशबाईंनी टेबलावर बोट वाजवलं. "साक्षीदाराने सरळ उत्तर द्यावं. या कापडावर तुमच्या हातचं काम आहे का?"

तिने बाईंकडे पाहिलं. बाई तिच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. त्या तिच्या उजव्या हाताकडे बघत होत्या, मुठीत मिटलेल्या तर्जनीकडे. क्षणभरच. मग त्यांनी नजर कागदावर नेली आणि पेन उचललं.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या हातचं नाही."

"साक्षीदाराने जे म्हटलं ते मी लिहिते," बाई म्हणाल्या, कुणालाच उद्देशून नाही. "जे म्हटलं, तेवढंच."

साहेबाने कानातलं यंत्र चाचपलं. "काय म्हणाली ती?" त्याने मोठ्याने विचारलं, जसं बहिरी माणसं विचारतात. त्याचा वकील त्याच्या कानाशी वाकला. साहेबाने मान वळवली आणि तिच्याकडे पाहिलं. चौतीस वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. ती कोण आहे हे त्याला आठवत नव्हतं, ते तिला स्पष्ट दिसलं. तो फक्त थकलेला होता.

हुकूम झाला. ओळख पटली नाही. अपहरणाचा आरोप कायम. पुढची तारीख चार महिन्यांनी. कारकुनाने शर्टाची घडी केली, खोक्यात ठेवला, लाख वितळवून सील लावलं आणि वर चिठ्ठी चिकटवली. अनोळखी, क्रमांक सात. तिने ती चिठ्ठी वाचली. आपल्या माणसाला आपल्याच तोंडाने अनोळखी करून ती साक्षीदाराच्या पिंजऱ्याच्या पायऱ्या उतरली.

दारात सरकारी वकील कागद आवरत होता. त्याने मान वर केली नाही. पुटपुटला, "चार महिने. त्याची तब्येत राहिली तर." बाहेर कंडक्टरणीने तिला मिठी मारली, आणि मारता मारताच रडायला लागली. "माफ कर गं. माफ कर मला."

"पुढे सरक," ती म्हणाली. "लोकांची वाट अडवलीस."

*

घरी पोचली तेव्हा ऊन खिडकीच्या चौकटीवर आलं होतं. सासू उठून बसली होती. केस विंचरलेले, धुतलेलं लुगडं नेसलेली. कुणी भेटायला येणार असल्यासारखी.

"आणलंस?"

"नव्हता तो, आई."

सासूने हात पुढे केला. सुनेने आपला हात त्यात दिला, रोजच्यासारखा, धरून उठवायला. पण म्हातारी उठली नाही. बटणं निवडणारी तिची बोटं सुनेच्या बोटांवरून फिरली आणि तर्जनीशी थांबली. चाचपलं. पुन्हा चाचपलं.

"हे काय आहे?"

"केस."

"कुणाचा?"

खोटं बोलायची आजची शक्ती संपली होती. "माझा," ती म्हणाली. "कोपराला धागा कमी पडला होता तेव्हा लावला होता."

म्हातारीच्या हाताची पकड घट्ट झाली. 

"म्हणजे होता."

"होता."

"आणि तू नाही म्हणालीस."

मग सुनेने सगळं सांगितलं. माफीचा कायदा, सभागृह, वरचं कोर्ट, रोज सकाळी नव्याने होणारा गुन्हा. सांगताना तिलाच ते कुठल्या परक्या घराचं गाऱ्हाणं वाटलं. हो म्हटलं असतं तर साहेब आज घरी जेवायला गेला असता, हे मात्र तिने दोनदा सांगितलं.

सासू ऐकत होती. शेवटी म्हणाली, "बरं केलंस." थोड्या वेळाने पुन्हा, हळू, "केलंस ते बरंच केलंस." पण तोंड खिडकीकडे फिरवलं होतं.

सुनेने केस बोटावरून उलगडला आणि म्हातारीच्या तळहातावर ठेवला. "हा त्याच्याजवळ होता, आई. इतकी वर्षं. मातीत घालायला दुसरं काही नाही, पण हा आहे. उद्या आपण..."

म्हातारीने दोन बोटांत केस धरला. लांबी मोजावी तसा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला.

"काढलास कशाला गं?"

"राहिला असता तर कुणाला तरी सापडला असता, आई."

"ते कळलं मला." आवाजात राग नव्हता, तेच वाईट होतं. "पण तेवढं एक होतं ना त्याच्याजवळ, आपल्या घरचं. चुन्यात, मातीत, खोक्यात. तेवढं तरी होतं. तेही काढून आणलंस."

 कुठल्याशा खोलीत, लाखेच्या सीलखाली, त्या शर्टाची एक रेघ आता दोन बोटं रिकामी होती. दुमडीत धागा नव्हता, आणि भरायला तिला कुणी बोलावणार नव्हतं.

म्हातारीने केस परत तिच्याकडे केला. अंदाजाने, थोडा बाजूला.

"घे. ओवून ठेव सुईत," ती म्हणाली. "कधीतरी देतील तो शर्ट. मी नसेन तेव्हा. तूच भर."